‘भांडारकर प्रतीत नाही’ म्हणजे नेमके काय?

‘मी सूताला वरणार नाही’ असे द्रौपदी कर्णाला म्हणालीच नव्हती. गणपतीने महाभारत लिहून घेतले ही मागाहून घुसवलेली गोष्ट आहे. वस्त्रहरणाच्या वेळी कृष्ण आलाच नव्हता. असे दावे करणारे व्हिडिओ आणि फिरते संदेश सध्या जवळपास रोज कुठल्या ना कुठल्या गटात येऊन पडतात. खाली वादावादी होते, आणि मग कोणीतरी शेवटचा घाव घालावा तसे लिहितो, ‘भांडारकरच्या प्रतीत हे नाही.’ वाद तिथेच थांबतो. काहींना वाटते, चला, खरे काय ते कळले. काहींना वाटते, आजीने सांगितलेली गोष्ट कोणीतरी पुण्यात बसून कात्रीने कापून टाकली.

दोन्ही समज चुकीचे आहेत. ‘भांडारकर प्रत’ म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने अनेक पोथ्या ताडून काढलेली महाभारताची आवृत्ती. ती नेमकी काय आहे, ती कशी तयार झाली आणि तिच्यात एखादी गोष्ट ‘नाही’ म्हणजे ती कुठे असते, हे एकदा नीट पाहिले तर यातले बरेचसे वाद सुरूच होणार नाहीत. शिवाय तिचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांचे काम किती मोठे होते, तेही कळेल. मराठी घरांत त्यांचे नाव जितके घेतले जायला हवे होते, तितके ते घेतले गेलेले नाही.

एक ग्रंथ आणि शेकडो पोथ्या

छापखाना येण्याआधी ग्रंथाची प्रत हवी असेल तर ती हाताने उतरवावी लागे. उतरवणारा माणूस दमतो, एखादी ओळ गाळतो, न समजलेल्या शब्दाच्या जागी समजणारा शब्द घालतो. समासात कोणी टिपण लिहिलेले असते, ते पुढचा लेखक मजकुरात सामील करतो. आपल्या गावाकडे सांगितली जाणारी एखादी कथा या पोथीत नाही हे पाहून कोणी ती श्रद्धेने भरतोही. हे सगळे फसवणुकीच्या बुद्धीने होत नाही. ग्रंथ जिवंत आहे, लोक तो वाचतात आणि सांगतात, म्हणून होते.

याचा अनुभव आपल्याला दर गणेशोत्सवात येतो. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ही आरती सगळ्यांना पाठ असते, पण दहा जण उभे राहिले की कोणी ‘संकटी पावावे’ म्हणतो, कोणी ‘संकष्टी पावावे’. ‘उटी शेंदुराची’ म्हणणाऱ्याच्या शेजारी ‘ओटी शेंदुराची’ म्हणणारा असतो. ‘फणिवरबंधना’चे तर ‘फळीवर वंदना’ होऊन कित्येक पिढ्या झाल्या. समजा ही आरती कुठेच छापलेली नाही आणि मूळ शब्द काय होते ते शोधायचे आहे. काय कराल? गावोगावी जाऊन लोक काय म्हणतात ते लिहून घ्याल. कोकणातल्या एका वाडीत, नागपूरकडच्या एका घरात आणि तंजावरच्या मराठी कुटुंबात एकच शब्द आला, तर तो जुना असण्याची शक्यता मोठी, कारण या तिघांनी एकमेकांचे ऐकून पाठांतर केलेले नाही. आणखी एक गोष्ट लक्षात येईल. ‘फणिवरबंधना’ हा अवघड शब्द आहे. अवघडाचे सोपे ‘फळीवर वंदना’ होणे सहज शक्य आहे. ‘फळीवर वंदना’ असे सरळ ऐकून कोणी त्याचे ‘फणिवरबंधना’ करील हे मात्र जवळजवळ अशक्य. आरती संपल्यावर जे ‘घालीन लोटांगण’ म्हणतात, त्यात तर वेगवेगळ्या ठिकाणची कडवी एकापुढे एक जोडलेली आहेत. पहिले मराठी आहे, पुढची संस्कृत, आणि त्यांतले ‘कायेन वाचा’ थेट भागवतातले. आज आपण ते सलग एकच म्हणून म्हणतो.

एवढे लक्षात आले की निम्मे शास्त्र समजले. एकाच ओळीची जी वेगवेगळी रूपे पोथ्यांमध्ये सापडतात त्यांना पाठभेद म्हणतात. मागाहून शिरलेल्या मजकुराला प्रक्षेप म्हणतात. आणि मिळतील तेवढ्या पोथ्या समोर ठेवून, प्रत्येक फरक नोंदवून, कारणे देऊन ठरवलेल्या आवृत्तीला चिकित्सक आवृत्ती म्हणतात. या लेखात पुढे हे तीनच पारिभाषिक शब्द लागतील.

महाभारताच्या पोथ्या कशा होत्या

आरती सात कडव्यांचीसुद्धा नाही. महाभारत लाख श्लोकांचे म्हणून ओळखले जाते. ते काश्मीरपासून केरळपर्यंत आणि नेपाळपासून तंजावरपर्यंत शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ (तमिळ मुलखात संस्कृतासाठी वापरली जाणारी लिपी), मलयाळम अशा लिप्यांत उतरवले गेले. या पोथ्यांची ढोबळमानाने दोन कुळे पडतात, उत्तरेचे आणि दक्षिणेचे. दक्षिणेच्या पोथ्या एकंदरीत जास्त विस्तृत आहेत. आपण ज्याला अठरा पर्वांचे महाभारत म्हणतो, त्याची त्यांच्यात चोवीस पर्वे पाडलेली आढळतात. तपशील भरताना दाक्षिणात्य परंपरेने हात राखलेला नाही.

खुद्द महाभारतच आपल्या वाढीची खूण देऊन ठेवते. आदिपर्वात म्हटले आहे की व्यासांनी उपाख्यानांशिवाय चोवीस हजार श्लोकांची भारतसंहिता केली. म्हणजे छोटे ‘भारत’ आणि मोठे ‘महाभारत’ यांतला फरक परंपरेला ठाऊक होता.

एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला आणि मुंबईला महाभारत छापले गेले. मुंबईकडच्या छापील प्रतींचा आधार होता नीलकंठ चतुर्धर यांचा पाठ. हे नीलकंठ सतराव्या शतकातले, गोदावरीकाठच्या कोपरगावचे. काशीला राहून त्यांनी ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. चिपळूणकर मंडळींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाभारताचे जे मराठी भाषांतर काढले आणि ज्याच्यावर आपल्या पणजोबांची पिढी वाढली, तेही याच प्रचलित परंपरेतले. आपल्याला ‘महाभारतात असे आहे’ म्हणून जे ठाऊक असते, ते बहुतेक वेळा नीलकंठांच्या पाठातले असते किंवा कीर्तनकारांकडून आलेले असते.

पुण्यात काय ठरले

सगळ्या पोथ्या ताडून एक आवृत्ती करावी ही मागणी विंटरनित्झ या विद्वानांनी १८९७ च्या पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली होती. युरोपातल्या विद्यापीठांनी तयारीही केली, पण पहिल्या महायुद्धाने ती बारगळली. १९१७ मध्ये पुण्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभे राहिले, आणि पुढच्याच वर्षी या संस्थेने ते काम अंगावर घेतले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी सचित्र महाभारतासाठी एक लाख रुपयांचे आश्वासन दिले. १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांनी स्वतःच्या हाताने ‘नारायणं नमस्कृत्य’ हा श्लोक लिहून कामाला आरंभ केला.

सुरुवातीची काही वर्षे ना. बा. उटगीकर हे संपादक होते. त्यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढली. १९२५ मध्ये सुकथनकर प्रमुख संपादक झाले आणि कामाला खरा आकार आला.

सुकथनकर मुंबईचे, जन्म १८८७ चा. केंब्रिजला ते गणित शिकले. मग बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृतात पीएचडी केली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा नमुना करून पाहणारे हेच ते ल्यूडर्स. परत आल्यावर सुकथनकरांनी काही काळ पुरातत्त्व खात्यात काढला. त्यांची प्रस्तावना वाचताना गणिताची बैठक जाणवत राहते. आधी काय गृहीत धरले आहे, त्यावरून काय निष्पन्न होते आणि कुठे खात्री नाही, हे ते वेगवेगळे सांगतात.

चौकटींच्या कागदावर एक ओळ

या कामाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. चौकटी आखलेल्या मोठ्या कागदावर छापील महाभारतातला एक श्लोक लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. त्याखाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ. पोथी वाचणारा अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. फरक नसेल तर चौकट रिकामी राहते, फरक असेल तर नेमके ते अक्षर नेमक्या त्या अक्षराखाली येते. पोथीत जास्तीचा श्लोक असेल तर तो बाजूच्या समासात जातो. प्रत्येक श्लोकासाठी निदान दहा पोथ्या ताडल्याच पाहिजेत असा दंडक होता. मलयाळम किंवा ग्रंथ लिपी वाचणारी माणसे पुण्यात मिळणे कठीण, म्हणून तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आणि बंगाली पोथ्यांसाठी शांतिनिकेतनात अशीच ताडणी चाले.

कागद पूर्ण झाला की एका नजरेत दिसते की अमुक शब्द दहापैकी सात ठिकाणी सारखा आहे आणि तीन ठिकाणी वेगळा. पण इथे बहुमताने निकाल लागत नाही, आणि या आवृत्तीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज याच ठिकाणी होतो. एकाच पोथीवरून उतरवलेल्या पन्नास पोथ्या म्हणजे पन्नास साक्षीदार होत नाहीत. साक्षीदार एकच, त्याचे म्हणणे पन्नास वेळा लिहिलेले. आदिपर्वासाठी दोनशेहून अधिक हस्तलिखितांचा पत्ता लागला होता, आणि त्यांतून निवडून साठच्या आसपास वापरली गेली. संख्या वाढवून उपयोग नव्हता. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या पोथ्या हव्या होत्या.

सुकथनकरांनी सगळ्यांत जास्त वजन दिले काश्मीरच्या शारदा लिपीतल्या परंपरेला. ती आटोपशीर आहे, नंतरची भर तिच्यात कमी दिसते. दक्षिणेतून त्यांनी मलयाळम पोथ्यांवर जास्त विश्वास टाकला. हिमालयाच्या कुशीतली पोथी आणि केरळातली पोथी शब्दाशब्दाला जुळते आणि मधल्या मुलखात मात्र दहा श्लोक जास्त आहेत, असे दिसले की ते दहा श्लोक मधल्या मुलखात कधीतरी जन्मले असावेत, असा त्यांचा तर्क. जिथे पुरावा अपुरा वाटला तिथे त्यांनी शब्दाखाली नागमोडी रेघ छापली. वाचकाने समजायचे की संपादकाला इथे खात्री नाही. इतक्या मोठ्या ग्रंथात आपली शंका प्रत्येक ठिकाणी अशी उघडी करून दाखवायला धैर्य लागते.

आदिपर्व त्यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह १९३३ मध्ये पुरे झाले. त्यानंतर काही वर्षांनी नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज यांच्या संग्रहातली आदिपर्वाची एक जुनी पोथी समोर आली. ती संपादनाच्या वेळी उपलब्धच नव्हती. सुकथनकरांनी ती आपल्या पाठाशी ताडून पाहिली. त्यांनी संशयित ठरवून मुख्य मजकुरातून खाली घेतलेले बरेच उतारे त्या पोथीत नव्हतेच. आधी केवळ तर्काने काढलेल्या निष्कर्षांना नंतर सापडलेल्या स्वतंत्र साक्षीदाराने दुजोरा दिला. पद्धत बरोबर चालली होती याची याहून चांगली परीक्षा क्वचितच होते.

पान वाचायचे कसे

आता ‘प्रतीत नाही’ या शब्दांकडे वळू. भांडारकर आवृत्तीचे कुठलेही पान उघडा. वर ठसठशीत टाइपात सिद्ध केलेला पाठ असतो. त्याखाली बारीक टाइपात ओळीच्या ओळी भरलेल्या असतात, कित्येकदा वरच्या मजकुरापेक्षा जास्त जागा व्यापणाऱ्या. तिथे प्रत्येक पाठभेद दिलेला असतो. प्रत्येक पोथीला तिच्या लिपीवरून एक अक्षर आणि एक अंक नेमून दिलेला असतो, त्यामुळे कुठला शब्द कुठल्या पोथीतला हे कळते. वर न घेतलेले छोटे उतारे तिथेच, क्रमांक आणि तारांकन घालून, पूर्ण छापलेले असतात. मोठे उतारे खंडाच्या शेवटी परिशिष्टात जातात.

म्हणजे काहीही फेकून दिलेले नाही. गणपती आणि व्यासांची अट, ते ८,८०० कूटश्लोक (अर्थ चटकन न लागणारे, कोड्यासारखे श्लोक), हा सगळा प्रसंग आदिपर्वाच्या परिशिष्टात पहिल्याच क्रमांकावर आहे. अर्जुनाला शाप देणारी उर्वशी आरण्यकपर्वाच्या परिशिष्टात आहे. छापील नीलकंठी प्रतीत तुम्हाला फक्त एका परंपरेचे महाभारत मिळते. भांडारकर आवृत्तीच्या पानावर सगळ्या परंपरा असतात, फक्त कुठली किती पसरलेली आहे हे सांगून.

‘भांडारकरच्या प्रतीत नाही’ असे म्हणणाऱ्याने बहुधा फक्त वरचा भाग पाहिलेला असतो. त्याचा दोष पूर्ण त्याचा नाही. संगणकावर फुकट मिळणाऱ्या संहितेत वरचाच भाग ठळक दिसतो आणि भाषांतरेही त्याचीच होतात.

कर्ण आणि द्रौपदी: थोड्या ओळींचा फरक

स्वयंवराचा प्रसंग घेऊ. कर्ण धनुष्य उचलतो, द्रौपदी ‘मी सूताला वरणार नाही’ म्हणते, तो सूर्याकडे पाहून धनुष्य खाली ठेवतो. मालिकांमुळे हे दृश्य घराघरांत पोहोचले. त्यावर कादंबऱ्या उभ्या राहिल्या. हे शब्द मोजक्या पोथ्यांत आहेत, म्हणून ते आवृत्तीत तळटीपेत आहेत.

मग वरच्या पाठात काय आहे? अर्जुन ब्राह्मणवेषात धनुष्याकडे निघतो तेव्हा बसलेले ब्राह्मण धास्तावून आपसात बोलतात. कर्ण, शल्य यांच्यासारख्या बलवान, धनुर्वेदात मुरलेल्या राजांनाही जे वाकवता आले नाही, ते या अननुभवी दुबळ्या मुलाला कसे जमणार, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. म्हणजे या पाठानुसार कर्णाचा अपमान झाला नाही, पण त्याला धनुष्य साधलेही नाही. ‘द्रौपदीने नाकारले नव्हते’ असे जोरात सांगणारे व्हिडिओ हा दुसरा अर्धा भाग सहसा सांगत नाहीत, कारण तो कर्णाच्या चाहत्यांना आवडणारा नाही. आवृत्तीचा दाखला द्यायचा तर तो पूर्ण द्यायला हवा.

‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीचे म्हणून सांगितले जाणारे वाक्यही सिद्ध पाठात नाही. मात्र सभापर्वात दुर्योधन बापाजवळ गाऱ्हाणे करतो, की मी पाण्यात पडलो तेव्हा कृष्ण आणि अर्जुन हसले आणि स्त्रियांसह द्रौपदीही मला हसली. दृश्य खोटे नाही, संवाद नंतरचा आहे.

वस्त्रहरण: ‘नाही’ आणि ‘आहे’ दोन्ही

सगळ्यांत तापणारा वाद हाच. सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडितांनी केले. त्यात दुःशासन वस्त्र ओढू लागतो, आणि पुढचा श्लोक असा येतो:

आकृष्यमाणे वसने द्रौपद्यास्तु विशां पते ।
तद्रूपमपरं वस्त्रं प्रादुरासीदनेकशः ॥

वस्त्र ओढले जात असताना तसेच दुसरे वस्त्र पुन्हा पुन्हा प्रकट झाले, इतकेच. कोणी प्रकट केले ते सांगितलेले नाही. ‘गोविन्द द्वारकावासिन्’ हा द्रौपदीचा धावा तळटीपेत आहे, कारण वेगवेगळ्या पोथ्यांत तो वेगवेगळ्या रूपांत येतो आणि अनेकांत येतच नाही. एजर्टन यांनी प्रस्तावनेत हे स्पष्ट सांगितले आहे.

इथे थांबून ‘कृष्ण आलाच नव्हता’ असे म्हणणे सोपे आहे. पण पुढे उद्योगपर्व आहे. त्याचे संपादन सुशीलकुमार डे यांनी केले. त्या पर्वाच्या सिद्ध पाठात, म्हणजे पानाच्या वरच्याच भागात, कृष्ण संजयाला म्हणतो:

ऋणमेतत्प्रवृद्धं मे हृदयान्नापसर्पति ।
यद्गोविन्देति चुक्रोश कृष्णा मां दूरवासिनम् ॥

मी दूर असताना द्रौपदीने ‘गोविंदा’ म्हणून मला जो आक्रोश केला, ते ऋण माझ्यावर वाढतच चालले आहे, ते माझ्या हृदयातून जात नाही.

हा श्लोक मला संपूर्ण महाभारतातल्या सर्वांत हलवून टाकणाऱ्या श्लोकांपैकी एक वाटतो. तो काढून टाकण्याइतका पुरावा पोथ्यांत नव्हता, म्हणून तो वर राहिला. सभापर्वात धावा नाही आणि उद्योगपर्वात धाव्याची आठवण आहे. संपादकांनी एकीकडचे दुसरीकडे जुळवून घेतले नाही. प्रत्येक ठिकाणी पोथ्या जे सांगतात तेच छापले आणि विसंगती वाचकासमोर ठेवली. धाव्याचे तपशीलवार स्तोत्र नंतरचे असू शकते आणि द्रौपदीने कृष्णाला हाक मारल्याची आठवण जुनी असू शकते. दोन्ही एकाच वेळी खरे असायला काही हरकत नाही.

‘मग आमच्या गोष्टी खोट्या का?’

नाही. चिकित्सक आवृत्ती मजकुराचे वय आणि प्रसार यांबद्दल बोलते. गोष्ट चांगली आहे की वाईट, श्रद्धेय आहे की नाही, याबद्दल ती काही म्हणत नाही. गणपतीची गोष्ट काही शतकांनी नंतर आली असेल, तरी तिने महाभारताकडे पाहण्याची आपली दृष्टी घडवली आहे, आणि तिचा अभ्यास त्या अंगाने व्हायलाच हवा. एखादी गोष्ट कुठल्या प्रांतात आणि कुठल्या परंपरेत वाढली हे कळले तर तिची किंमत वाढते, कमी होत नाही.

खुद्द सुकथनकरांनी आपण व्यासांचे मूळ शब्द परत आणले असा दावा कधीच केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येते तितका जुना पाठ, एवढेच उद्दिष्ट त्यांनी सांगितले. बहुतेक पोथ्या गेल्या चार-पाचशे वर्षांतल्या आहेत. त्यांच्या पलीकडे तर्काने काही पावले टाकता येतात, थेट व्यासांपर्यंत नाही. त्यामुळे ‘शुद्ध महाभारत’ किंवा ‘खरे महाभारत’ हे शब्द जो कोणी या आवृत्तीला लावतो, तो तिच्या संपादकापेक्षाही जास्त दावा करत असतो.

‘परदेशी पद्धत आपल्या ग्रंथाला कशाला?’

पद्धतीची शिस्त सुकथनकर जर्मनीत शिकले हे खरे. पण पोथ्या गोळा करून पाठ ठरवणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हती. नीलकंठ चतुर्धर आपल्या टीकेच्या आरंभी सांगतात, ‘बहून् समाहृत्य विभिन्नदेश्यान् कोशान् विनिश्चित्य च पाठमग्र्यम्’. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या पुष्कळ पोथ्या जमवून उत्तम पाठ ठरवून मग टीका आरंभली आहे. फरक एवढाच की नीलकंठांनी कुठल्या पोथीतून काय घेतले आणि का घेतले हे आपल्याला दिसत नाही. सुकथनकरांचे सगळे दिसते.

त्याहूनही जवळचे उदाहरण पैठणचे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ मुळात अतिशुद्ध, पण पाठांतराने अशुद्ध झाला होता, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आणि ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असे समजावे, अशी ताकीदही दिली. प्रक्षेप म्हणजे काय हे महाराष्ट्राला सुकथनकरांच्या आधी साडेतीनशे वर्षे नाथांनी सांगून ठेवले होते.

‘तोंडी चालत आलेल्या ग्रंथाला एकच मूळ असते का?’

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी सुरुवातीचा भाग पाहूनच सुचवले होते, की मूळ पाठ उभा करण्याच्या फंदात न पडता प्रचलित नीलकंठी पाठ वर छापावा आणि बाकीचे पाठभेद खाली द्यावेत. पुढे फ्रेंच अभ्यासक माडलेन ब्यार्दो यांनी असेही म्हटले की ज्या ग्रंथाची परंपरा मुखोद्गत आहे, त्याची प्रत्येक प्रांतातली आवृत्ती आपापल्या जागी तितकीच अस्सल असते. त्यामुळे सगळ्यांच्या मागे एकच पाठ शोधणे मुळातच चुकीचे.

यातले एक म्हणणे मान्यच करावे लागते. वरचा सिद्ध पाठ जसाच्या तसा कुठल्या एका काळी कुठल्या एका गावात वाचला गेला असेल याची खात्री नाही. पण काश्मीर आणि केरळ अक्षराअक्षराला जुळतात अशा हजारो जागा केवळ तोंडी परंपरेने निर्माण होणे कठीण. कुठेतरी लिहिलेला सामाईक ग्रंथ होता असेच त्यावरून दिसते. आणि ज्यांना प्रांतिक परंपरा महत्त्वाच्या वाटतात त्यांनाही काम करण्यासाठी हीच आवृत्ती लागते, कारण कुठल्या प्रांतात काय आहे हे इतके व्यवस्थित दुसरीकडे नोंदलेलेच नाही. दाक्षिणात्य पाठाची स्वतंत्र आवृत्ती हवी असेल तर पी. पी. एस. शास्त्री यांनी १९३० च्या दशकात मद्रासहून काढलेली आहेच.

पोथीखान्यातून घरात

२१ जानेवारी १९४३ रोजी सुकथनकर गेले. आदिपर्वापाठोपाठ आरण्यकपर्वही त्यांनी स्वतः पुरे केले होते. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि मग परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी प्रमुख संपादकपद सांभाळले. हरि दामोदर वेलणकर, रा. ना. दांडेकर, र. दा. करमरकर, रघुवीर अशा अनेकांनी एकेक पर्व घेतले. एकूण १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग करून १९६६ मध्ये एकोणीस खंड पूर्ण झाले, आणि २२ सप्टेंबरला राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी ते पुण्यात प्रकाशित केले. १९१९ ला सुरू झालेले काम सत्तेचाळीस वर्षांनी संपले. सिद्ध पाठ साधारण पाऊण लाख श्लोकांच्या घरात आला. हरिवंश त्यानंतर वेगळा निघाला.

एकोणीस जाड खंड कोण विकत घेणार, असे वाटेल. पण ही आवृत्ती अभ्यासकांच्या कपाटात अडकून राहिली नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ लिहिताना हाच पाठ आधाराला घेतला. तिथून कुंती, गांधारी, द्रौपदी मराठी वाचकाला माणसे म्हणून भेटल्या. क्योटोचे मुनेओ तोकुनागा यांनी सगळी संहिता संगणकावर चढवली, केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. ती आज कोणालाही पैसे न देता उघडता येते. बिबेक देबरॉय यांनी २०१० ते २०१४ मध्ये दहा खंडांत तिचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर केले. मराठी वाचकाला इतक्याच सहज मिळणारे आणि तळटीपांतल्या निवडक उताऱ्यांसह छापलेले भाषांतर व्हायला हवे, असे मला फार वाटते. ज्या शहरात हे काम झाले त्या शहराची भाषा या बाबतीत मागे राहायला नको.

पुढचा दावा आला की

आधी विचारायचे: हे वरच्या पाठात नाही, की तळटीपेत आणि परिशिष्टातही नाही? या दोहोंत फार अंतर आहे. तळटीपेत असेल तर ते कुठल्यातरी पोथीत आहे, आणि मग कुठल्या लिपीच्या किती पोथ्यांत हा पुढचा प्रश्न. कुठेच नसेल तर ते बहुधा कीर्तन, लोककथा, नाटक किंवा मालिका यांतून आलेले असते. अभिमन्यूने चक्रव्यूह आईच्या पोटात ऐकला ही गोष्ट आपण लहानपणापासून सांगतो, पण द्रोणपर्वात तो स्वतः युधिष्ठिराला म्हणतो की व्यूह फोडण्याचा उपाय मला वडिलांनी शिकवला आहे, बाहेर पडणे मात्र जमणार नाही.

दुसरे म्हणजे एकच पर्व पाहून निकाल देऊ नये. वस्त्रहरणाचा निकाल फक्त सभापर्वावरून दिला तर उद्योगपर्वातला कृष्ण सुटतो.

आणि तिसरे, मूळ शब्दाखाली नागमोडी रेघ आहे का ते पाहावे. संगणकावरच्या प्रतींत आणि भाषांतरांत ती सहसा दिसत नाही, छापील खंडातच दिसते. त्यासाठी जवळच्या विद्यापीठाच्या किंवा जुन्या शहर-ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात जाऊन तो खंड मागून घ्यावा लागेल. पान उघडल्यावर आधी खालचा बारीक टाइप वाचायला सुरुवात करावी.